गाडी गेली, नाव राहिलं : हप्त्यावरच्या सौद्याचा दीडशे वर्षांचा हिशोब

(पोस्ट मोठी आहे. पण घरातली जुनी गाडी ओळखीच्या माणसाला हप्त्यावर द्यायचा किंवा घ्यायचा विचार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.)

आमच्या कुपवाडमध्ये जुनी गाडी विकण्याची एक ठरलेली रीत आहे. समजा, गाडी दोन लाखांना ठरली. पन्नास हजार रोख. उरलेले दीड लाख दहा हप्त्यांत, दर महिन्याच्या १० तारखेला, कारण एमआयडीसीतला पगार तोवर झालेला असतो. नोटरीकडे जाऊन बाँड करायचा. हा बाँड आधी शंभराचा असायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. त्याच संध्याकाळी गाडी आणि चावी घेणाऱ्याकडे जाते. आरसी बुक मात्र विकणाऱ्याच्या कपाटात राहतं. "पैसं फिटलं की नावावर करून देतो" एवढ्या एका वाक्यावर सगळा सौदा उभा असतो.

यात कुणी कुणाला फसवायला बसलेलं नसतं. घेणारा बहुतेक वेळा त्याच कारखान्यातला, त्याच गल्लीतला किंवा पाहुण्यातला असतो. त्याला बँक कर्ज देत नाही, कारण पगार हातात मिळतो किंवा गाडी पंधरा वर्षांची झालेली असते. विकणाऱ्याला एकरकमी गिऱ्हाईक मिळत नाही, आणि एजंटाकडे गेलं तर तो भाव पाडून मागतो. म्हणून दोघांची गरज या रीतीत भागते. मी तिला नावं ठेवायला हे लिहीत नाही.

पण करारपत्रं आणि आरटीओची कागदं वाचून घ्यायला बरेच लोक माझ्याकडे येतात, आणि त्या सगळ्यांच्या मनात एक समज पक्का बसलेला दिसतो. विकणारा म्हणतो, "गाडी त्याच्याकडं असली तरी नाव माझंच आहे, म्हणजे मी सेफ आहे." मला सांगायचंय ते बरोबर याच्या उलट आहे. आरसीवरचं नाव हे कुलूप नाही. ते ओझं आहे. आणि ते कुलुपाचं ओझं कसं झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

बैलाला आरसी नव्हती

गाडीच्या आधी आपल्या भागात उधारीवर विकली जाणारी मोठी वस्तू म्हणजे बैल. खरसुंडीच्या यात्रेत खिलारांचा बाजार भरतो, हे आटपाडी-विट्याकडच्या लोकांना सांगायला नको. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. सगळे पैसे तिथेच मोजले जायचे असं नाही. काही रोख, काही सुगीला. मध्ये ओळखीचा माणूस साक्षीला.

या सौद्यात एक गोष्ट फार सोपी होती. बैल ज्याच्या दावणीला, त्याचा. सरकारदरबारी बैलाच्या नावाची वही नव्हती. बैलानं कुणाला मारलं तर लोक दावणीच्या धन्याकडे जायचे, गेल्या वर्षी तो कुणी विकला हे कुणी विचारत नव्हतं. विकणाऱ्याचं फार तर काय बुडायचं? राहिलेले पैसे. त्यापलीकडचा धोका त्याच्या अंगावर नव्हता.

मोटार आली आणि ताबा एकीकडे, नाव दुसरीकडे अशी विभागणी झाली. पण त्याआधी नुसत्या पैशाच्या कागदावरून आपल्याच मुलखात मोठं रणकंदन झालं होतं.

१८७५ : जाळलेली खतं आणि त्यातून आलेलं पासबुक

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना मुख्यतः हवी होती ती खतं, म्हणजे कर्जाचे कागद. कागद मिळाले तिथे ते जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सातारा जिल्ह्यात त्याची झळ कुकरूडला पोहोचली. हे कुकरूड आज आपल्या सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात आहे. (आपला जिल्हा दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला तो १९४९ मध्ये, आणि सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. त्यामुळे जुन्या कागदांत वाळवा, तासगाव, शिराळा हे सगळं साताऱ्यात सापडतं.)

लोकांनी कागदच का जाळले? कारण कर्जाचा सगळा पुरावा एकाच बाजूच्या पेटीत होता. किती दिले, किती फेडले, व्याज किती चढलं, हे सावकाराच्या वहीत. कुळाच्या हातात काहीच नाही. अंगठा उठवला तेव्हा काय लिहिलं होतं हेही त्याला माहीत नसायचं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता: पुणे, सातारा, सोलापूर, नगर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं. या कायद्यातल्या काही तरतुदी आज वाचल्या तरी थक्क व्हायला होतं. शेतकऱ्यानं करून द्यायचा कर्जाचा कागद गावच्या निबंधकासमोर व्हायला हवा. पैसे भरले की धनकोनं लेखी पावती द्यायला हवी. कुळानं मागितलं तर वर्षाचा हिशोब द्यायला हवा. आणि पासबुकही द्यायला हवं, ज्यात जमा-बाकी वेळोवेळी लिहिली जाईल. पुढच्या दुरुस्तीत कोर्टाला आणखी एक अधिकार मिळाला. कागदावर खरेदीखत लिहिलं असलं तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता का, हे तपासायचं.

म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्याच जुन्या जिल्ह्यात, कायद्यानं दोन गोष्टी ओळखल्या होत्या. पहिली, हप्ता भरणाऱ्याच्या हातात पुरावा पाहिजे. दुसरी, कागदाचं नाव काहीही असो, खरा व्यवहार काय आहे ते बघितलं पाहिजे.

आता कुपवाडमधला २०२० च्या दशकातला कुठलाही हप्त्याचा सौदा काढा आणि पावत्या मागा. निम्म्या लोकांकडे नसतात. "फोनवर पाठवलेत की", "दोन हप्ते हातात दिले", "एकदा त्याच्या पोराकडं दिले". १८७९ सालचं पासबुक या सौद्यापर्यंत अजून पोहोचलेलं नाही.

पियानो आणि शिवणयंत्र

वस्तू आधी, पैसे नंतर, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीनं, १८५६ च्या सुमारास अमेरिकेत. पुढे हीच पद्धत कंपनीनं हिंदुस्थानातही वापरली. गावोगावच्या शिंप्यांकडे ते काळं-सोनेरी यंत्र पोहोचलं त्यात हप्त्याचा हात होता.

पण विकणाऱ्याची भीती तीच. यंत्र नेलं आणि पैसे दिले नाहीत तर? किंवा नेऊन दुसऱ्यालाच विकलं तर? याचं उत्तर इंग्लंडमध्ये १८९५ साली एका पियानोच्या खटल्यात मिळालं. हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज. एका माणसानं पियानो महिना साडेदहा शिलिंगप्रमाणे ३६ महिन्यांच्या बोलीवर नेला आणि थोडे हप्ते भरून सरळ गहाणवट्याकडे ठेवला. गहाणवटा म्हणाला, मी चांगल्या भावनेनं घेतला, मी का परत देऊ? तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, पियानो मूळ दुकानदाराचा ठरवला. कारण करारात लिहिलं होतं की सगळे हप्ते फिटेपर्यंत हे भाडं आहे, माणूस पियानो कधीही परत करू शकतो, विकत घ्यायचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणजे विक्री झालेलीच नव्हती.

यालाच हायर पर्चेस म्हणतात. आरसीवर जे 'एचपी' असायचं, ज्याला आपण "गाडीवर बोजा आहे" म्हणतो, त्याचं मूळ हे. बोजा म्हणजे वस्तू तुझ्याकडे, पण हक्काची दोरी माझ्याकडे.

या दोरीचा गैरवापरही लगेच सुरू झाला. शेवटचे दोन हप्ते राहिले की सावकाराची माणसं येऊन सामान उचलून न्यायची आणि तेच दुसऱ्याला विकायची. इंग्लंडमध्ये एलन विल्किन्सन या खासदार बाईंनी लढून १९३८ साली कायदा करून घेतला. एकतृतीयांश किंमत भरली असेल तर कोर्टाच्या हुकमाशिवाय वस्तू उचलता येणार नाही.

आपल्याकडे काय झालं?

ट्रक, वडाप आणि न आलेला कायदा

आपल्याकडे हायर पर्चेस वाढलं ते ट्रकच्या चाकांवर. १९५४ साली टेल्कोनं डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये सुंदरम फायनान्स सुरू झाली. बँका तेव्हा ट्रक ड्रायव्हरला दारात उभं करत नव्हत्या. पुढे १९७९ मध्ये श्रीराम ट्रान्सपोर्ट आली, तिनं तर जुन्या ट्रकांवर पैसे द्यायला सुरुवात केली.

१९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ सरकार हा खटला आला. गिऱ्हाईक स्वतः गाडी घ्यायचं, मग कागदोपत्री ती कंपनीला विकल्याचं दाखवायचं आणि कंपनीकडून परत हायर पर्चेसनं घ्यायचं. कोर्ट म्हणालं, कागदाचं नाव काहीही असू दे, हे मुळात कर्ज आहे, गाडी तारण आहे. १८७९ च्या कायद्याला जे कळलं होतं तेच पुन्हा.

१९७२ मध्ये संसदेनं हायर पर्चेस कायदा मंजूर केला. हप्त्याच्या करारात काय काय लिहिलंच पाहिजे, घेणाऱ्याला हिशोब मागायचा हक्क, किमतीचा ठरावीक हिस्सा भरल्यावर कोर्टाशिवाय गाडी उचलायला बंदी, हे सगळं त्यात होतं. कायदा झाला. पण तो प्रत्यक्षात कधी अमलात आलाच नाही. तीस-बत्तीस वर्षं पुस्तकात पडून राहिला आणि २००५ मध्ये रद्द झाला.

हे मुद्दाम सांगतोय. हप्त्यावर वस्तू घेणाऱ्या आणि विकणाऱ्या साध्या माणसासाठी देशानं एक कायदा लिहिला होता, आणि तो एक दिवसही वापरला नाही.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? वडाप. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या माणसाला वडाप म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एसटी चुकली की कोपऱ्यावर उभी असलेली कमांडर जीप नाहीतर ट्रॅक्स, आत दहा, मागं चार लोंबकळत. त्यातल्या कितीतरी जीप सेकंडहँड, मालकाकडून थेट हप्त्यावर घेतलेल्या. रोजचा धंदा, त्यामुळे आठवड्याचा हप्ता. गाडीच्या काचेवर एकाचं नाव, आरसीवर दुसऱ्याचं, स्टेअरिंगवर तिसराच.

मग मारुती. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० रस्त्यावर आली, तेव्हा ती साहेबाची गाडी होती. पंधरा-वीस वर्षांनी तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातानं कामगाराच्या दारात आली. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, वस्ती एमआयडीसीच्या भोवतीनं वाढत गेली, आणि दुचाकीवर चौघं जाण्यापेक्षा जुनी कार बरी, हा हिशोब घराघरात होऊ लागला. वडापच्या जीपची रीत कारला लागू झाली. फक्त या मधल्या काळात कायद्यात एक शब्द बदलला होता, तो कुणाला कळला नाही.

'मालक' कोण? एका व्याख्येची गोष्ट

गाडीला नंबर आणि नोंद सक्तीची करणारा देशभराचा पहिला कायदा १९१४ चा. त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्यातली तिसऱ्या माणसासाठीच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून सुरू झाली. म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळायची सोय.

आता भरपाई द्यायची कुणी? मालकानं. मालक कोण? १९३९ च्या कायद्यात याची व्याख्या मोघम होती. अज्ञान मुलाची गाडी असेल तर त्याचा पालक, हायर पर्चेसवर असेल तर ज्याच्या ताब्यात आहे तो. साध्या विक्रीच्या बाबतीत कोर्टं बघायची की गाडी खरोखर कुणाकडे गेली. बैलासारखंच, दावण कुणाची ते बघायचं.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातल्या कलम २ च्या ३० व्या पोटकलमात लिहिलं, मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. कायद्यानं जाणूनबुजून दावण सोडली आणि वही धरली. यामागचं कारणही चांगलं आहे. रस्त्यावर ज्याचा माणूस गेला, त्यानं गाडी कितव्या हातात होती याचा शोध घेत का फिरावं? नंबर बघितला, नाव मिळालं, दावा लावला.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला. एक ट्रक फेब्रुवारी १९९३ मध्ये विकला, ताबाही दिला. नावावर केला नाही. नव्या माणसानं विमासुद्धा जुन्याच मालकाच्या नावानं काढला. मे १९९४ मध्ये अपघात झाला. कोर्टानं सांगितलं की नोंदीवरचा माणूसच मालक, आणि त्याच्या नावानं विमा आहे म्हणून विमा कंपनीनं भरपाई द्यावी. तिथे विमा होता म्हणून जुना मालक वाचला.

६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल त्याहून बोलका आहे. हरियाणातली मारुती ८००. मूळ मालकानं जुलै २००७ मध्ये विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली. मे २००९ मध्ये सकाळच्या वेळी गाडी मागे घेताना एक बाई जखमी झाली आणि तिचा भाचा गेला. उच्च न्यायालयानं मधल्या घेणाऱ्यांपैकी एकाला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि पहिल्या, नोंदीवरच्या मालकाला जबाबदार धरलं. गाडी विकून दोन वर्षं झाली होती, मध्ये इतके हात झाले होते, तरीही.

आता आपल्या कुपवाडच्या वाक्याकडे परत या. "नाव माझंच आहे, म्हणजे मी सेफ आहे." दहा महिन्यांच्या हप्त्यांत पाचव्या महिन्यात गाडीचा विमा संपतो. घेणारा हप्ता भरतच थकलेला, तो म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. त्या पुढच्या महिन्यात अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या दारात येते. दीड लाखाच्या सुरक्षेसाठी ठेवलेलं नाव, आणि भरपाईचा आकडा त्याच्या कितीतरी पट असू शकतो. ई-चलनं तर येतातच. २०१९ च्या दुरुस्तीनं आणखी एक कलम आलं, १९९-अ. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं हे सिद्ध करता येतं, पण ते कोर्टात उभं राहून सिद्ध करावं लागतं. घेणाऱ्याचा सोळा वर्षांचा पोरगा गाडी काढतो का नाही, हे तुम्हाला कुठून कळणार?

पैशासाठी तरी नावाचा उपयोग होतो का?

विकणारे विचारतात, "निदान पैसे बुडाले तर गाडी आणता येईल की नाही?" इथे १९३० चा माल विक्री कायदा लागतो. विक्री झाली आणि माल घेणाऱ्याच्या ताब्यात गेला की पैसे न मिळालेल्या विक्रेत्याचा माल अडवून ठेवायचा हक्क संपतो. मग उरतो पैशाचा दावा, तोही तीन वर्षांच्या आत. 'पैसे फिटेपर्यंत मालकी माझी' असं करारात स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्या बाँडवर बहुधा लिहिलेलं असतं, "आजपासून सदर वाहनाचे संपूर्ण मालक तुम्ही झाला आहात". एका हातानं मालकी दिली, दुसऱ्या हातानं आरसी धरून ठेवली. ही दोन्ही टोकं एकमेकांना छेद देतात.

दुसरी चावी घेऊन रात्री गाडी उचलून आणणारेही बघितलेत. फायनान्स कंपनी गाडी उचलते ती लेखी करारातल्या कलमावर, आणि तिनं गुंड पाठवले तर तिलाही सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये झापलंय. तुमच्या बाँडमध्ये तसं कलम नसेल तर तुम्ही जे करताय त्याला पोलीस स्टेशनमध्ये वेगळंच नाव मिळू शकतं.

आणि घेणाऱ्याचं काय? त्याची बाजू कुणी मांडत नाही. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, नावं-गावं सोडून. दहापैकी नऊ हप्ते भरलेले. पावती एकाचीही नाही. विकणारे अण्णा अचानक वारले. मुलं म्हणाली, "कसले हप्ते? गाडी वडिलांच्या नावावर आहे, आणून लावा." फॉर्म २९ आणि ३० वर अण्णांच्या कोऱ्या सह्या होत्या, पण गेलेल्या माणसाच्या सहीनं गाडी नावावर होत नाही. आधी वारसांच्या नावावर, मग पुढे. म्हणजे ज्यांना देणं मान्यच नाही त्यांच्याच सहीची वाट बघायची. शेवटी भावकीतल्या दोन जाणत्या माणसांनी मध्ये पडून सोडवलं. सगळ्यांच्या भावकीत अशी माणसं असतात असं नाही.

मग करायचं काय?

हप्त्यावर देऊच नका, असं मी म्हणणार नाही. ते शहाणपण पगारदाराला परवडतं. सौदा करा, पण नाव आणि पैसे या दोन गोष्टी वेगळ्या करा.

१. नाव लगेच बदला. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९), घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो (फॉर्म ३०). अर्जाची पोच जपून ठेवा. कोऱ्या सह्या करून देऊ नका. कोऱ्या सहीवर गाडी चार हात फिरते आणि चारही वेळा तुमचंच नाव राहतं.

२. विमा कंपनीला घेणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं. तिसऱ्या माणसाचं संरक्षण गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. जुना मालक म्हणतो गाडी माझी नाही, नवा म्हणतो पॉलिसी माझी नाही, आणि पैसे कुणालाच मिळत नाहीत.

३. पैशाची हमी दुसरीकडून घ्या. जामीनदार घ्या, त्याची सही घ्या. तारखा टाकलेले चेक घ्या. चेक वटला नाही तर कलम १३८ आहे, पण तिथे घड्याळ चालू असतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्ट. चेक तीन महिनेच चालतो, हे लक्षात ठेवा.

४. बोजा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कलम ५१ मध्ये हायर पर्चेस किंवा तारणाच्या कराराची नोंद आरसीवर करायची तरतूद आहे, आणि तिथे शब्द आहे 'कोणत्याही व्यक्तीशी' केलेला करार. बँकच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. गाडी घेणाऱ्याच्या नावावर, बोजा विकणाऱ्याच्या नावाचा. मग अपघाताची जबाबदारी घेणाऱ्याकडे आणि बोजा उतरल्याशिवाय गाडी पुढे विकता येत नाही. विकणाऱ्याला जी सुरक्षा हवी होती ती नेमकी हीच. प्रत्यक्षात त्या जागी बँका, पतसंस्था आणि फायनान्स कंपन्यांचीच नावं दिसतात. म्हणून फॉर्म ३४ घेऊन आधी आरटीओत विचारा, आणि नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागा.

५. दोन वह्या करा. एक त्याची, एक तुमची. प्रत्येक हप्त्याला दोन्हीवर तारीख, रक्कम, बाकी आणि सही. फोनवरून पाठवले तरी वहीत लिहा. पाच रुपयांची वही आहे, १८७९ सालची अक्कल आहे.

सरकारकडे मागणी काय? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियम बदलले आणि जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी व्यवस्था केली. गाडी डीलरकडे आली की तो आरटीओला कळवतो आणि तोवरची जबाबदारी त्याच्यावर येते. १ एप्रिल २०२३ पासून हे लागू आहे. चांगलं आहे. पण दोन कामगारांमधल्या थेट सौद्याला ते लागू नाही. जो डीलरकडे जातो त्याला संरक्षण, आणि ज्याच्याकडे डीलरचं कमिशन द्यायला पैसे नाहीत त्याला नोटरीचा बाँड.

मागणी फार मोठी नाही. खासगी विकणाऱ्याचा बोजा नोंदवायची साधी सोय आरटीओत करा, आणि मराठीत एक छापील करारनामा ठेवा, ज्यात हप्त्याच्या पावत्यांचं पान असेल. १९७२ चा कायदा वापरला नाही तर निदान त्यातली दोन पानं तरी वापरा.

तोवर ज्याच्या कपाटात विकलेल्या गाडीचं आरसी बुक आहे, त्यानं दोन गोष्टी बघाव्यात. विमा कधी संपतोय, आणि 'मालक' या रकान्यात कुणाचं नाव आहे.